हीच ती गाडी काय?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एक छंद चांगला रुजला आहे. तेथील सरकारी वनखात्याने एके काळी वापरून लिलावात काढलेल्या जुन्या पिकअप मोटारी शोधून काढावयाच्या, त्यांचा गंज खरवडावयाचा, मोडके भाग बदलावयाचे आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणावयाच्या. कोणी म्हणेल, हा सुखवस्तू लोकांचा खेळ आहे. त्याच्याशी आपल्यासारख्या देवळारावळांत वाढलेल्या माणसांचे काय देणेघेणे? परंतु या खेळातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या दाराशी रोज उभा असतो. जुनी वस्तू नवी केली म्हणजे ती तीच राहते काय, आणि ती तीच आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणांस केव्हा पोचतो? जीर्णोद्धार हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील जीर्ण कोण आणि उद्धार कोणाचा, याचा विचार करण्याचे आपण जवळजवळ सोडून दिले आहे. म्हणून हा विचार आपल्या देवळापासून न करता एका परक्या गाडीपासून केलेला बरा. तेथे भावना आड येत नाहीत.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी डॉज कारखान्याने चारही चाकांना जोर पुरविणारी पाऊण टनी मालमोटार हजारोंच्या संख्येने बांधली. चिखलात, वाळूत, डोंगरात ती चालविलेले शिपाई घरी परतले, तेव्हा त्यांना शेतावर आणि खाणीवर तशीच गाडी हवीशी वाटू लागली. १९४६ मध्ये डॉजने त्याच सांगाड्यावर आधारलेली एक टनी नागरी गाडी बाजारात आणली आणि तिला ‘पॉवर वॅगन’ हे नाव दिले. पुढच्या व मागच्या चाकांमध्ये १२६ इंचांचे अंतर, २३० घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन, ९४ अश्वशक्ती. आजच्या एखाद्या लहान कौटुंबिक मोटारीतही एवढी शक्ती सापडते. पण हिची करामत वेगात नव्हती. सपाट सडकेवर ताशी पन्नास मैलांच्या पुढे गेली की तिची दमछाक होई. मात्र खालच्या गिअरमध्ये, पावलापावलाने, ती जेथे बैलही कचरेल अशा चढावर चढत असे. पुढच्या बंपरमागे विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारा रहाट, बसविण्याची सोय होती. गाडी रुतली तर दोर झाडाला बांधावा आणि गाडीने आपणच आपल्याला ओढून काढावे. अमेरिकेच्या बाजारासाठी ही गाडी १९६८ पर्यंत फारसा चेहरामोहरा न बदलता बनत राहिली. (डॉजचे नाव आपल्या लोकांना अगदीच अनोळखी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि फार्गो या मालमोटारींची जुळणी होऊ लागली होती आणि घाटांतून त्या पुढे कित्येक वर्षे धावत होत्या.)

अशा गाड्या वनखात्याने मोठ्या प्रमाणावर घेतल्या, त्यांना हिरवा रंग दिला आणि दारावर खात्याची ढाल रंगविली: मध्ये पाइनचे झाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंस देशाच्या नावाची आद्याक्षरे. ही ढाल खात्याइतकीच जुनी आहे. १९०५ मध्ये अमेरिकेतील राखीव जंगले कृषिखात्याच्या ताब्यात आली, वनखाते स्थापन झाले आणि गिफर्ड पिन्शो हा त्याचा पहिला प्रमुख झाला. येथे एक दुवा असा आहे, जो आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असतो. पिन्शो तरुणपणी वनविद्या शिकण्यासाठी युरोपात गेला, तेव्हा त्याला ज्याने मार्गदर्शन केले तो जर्मन पंडित डिट्रिख ब्रँडिस हा १८६४ पासून १८८३ पर्यंत हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक होता. ब्रह्मदेशचा सागवान आणि मध्यप्रांताचे साल यांच्या छायेत जी शिस्त घडली, तीच पुढे बॉनमार्गे रॉकी पर्वतात पोचली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या शिस्तीचे पहिले सूत्र होते: जंगलाला आग लागू द्यावयाची नाही. अमेरिकेत हे सूत्र धर्माज्ञेसारखे कठोर झाले ते १९१० च्या ऑगस्टमध्ये. २० आणि २१ या दोन तारखांना सोसाट्याच्या वाऱ्याने आयडाहो व मोंटाना राज्यांतील शेकडो लहानमोठे वणवे एकत्र झाले. सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि पंच्याऐंशीच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुतेक आग विझविणारेच होते. एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या चाळीसहून अधिक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून आत थांबविले. त्यांतील पाच जण गुदमरून गेले, बाकीचे वाचले. एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले जे हत्यार आजही जगभरचे वनरक्षक वापरतात, त्याला त्याचेच नाव आहे. त्या वेळी आगीपर्यंत पोचावयाचे ते पायी किंवा खेचरावरून. रस्ता नव्हता, गाडी नव्हती.

पुढे दोन्ही आले. १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या सरकारी तांड्यांनी जंगलांतून रस्ते काढले, टेहळणीचे मनोरे उभारले, तारा ओढल्या. १९३५ मध्ये खात्याचा प्रमुख फर्डिनांड सिल्कॉक्स याने, जो १९१० च्या त्या आगीत स्वतः कामावर होता, असा हुकूम काढला की कोठेही वणवा दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तो आटोक्यात आलाच पाहिजे. हा हुकूम अमलात आणण्यास पाणी, पंप, कुदळी आणि माणसे घेऊन रात्रीच्या रात्री डोंगर चढणारे वाहन लागते. युद्धानंतर ते मिळाले. म्हणजे ही हिरवी गाडी केवळ ओझे वाहणारी नव्हती. एका राष्ट्राची एक श्रद्धा तिच्या हौद्यात बसून चालली होती. या गोष्टीकडे शेवटी यावे लागेल.

सरकारी गाडीची नोकरी माणसासारखीच असते. ठरावीक वर्षे झाली की तिला रजा मिळते. फरक एवढाच की तिला निवृत्तिवेतन नसते. खात्याची चिन्हे खरवडून वा रंगाने झाकून तिला लिलावात उभी करतात. मग ती एखाद्या शेतकऱ्याकडे जाते, तेथे आणखी वीस वर्षे गवत आणि कुंपणाचे खांब वाहते, एके दिवशी सुरू होत नाही, आणि गोठ्यामागे उभी राहते ती उभीच. पावसाने तिच्या हौद्याच्या लाकडी फळ्या कुजतात, मडगार्डांना भोके पडतात, उंदीर आसनातील कापूस नेतात. कोणी हौशी मनुष्य तिला उचलून आणतो आणि दारावरचा रंग घासू लागतो. वरचा शेतकऱ्याचा रंग निघतो, त्याखाली खात्याचा हिरवा लागतो, कधी त्याखाली जुन्या छटेचा आणखी एक हिरवा, आणि तिरप्या उजेडात झाडाच्या आकाराची एक पुसट कडा दिसते. ज्यांनी जुन्या देवळाच्या भिंतीवरील चुन्याचे थर उतरताना खालची चित्रे वर येताना पाहिली आहेत, त्यांस त्या माणसाच्या मनाची अवस्था सांगावयास नको.

आता काम सुरू होते. इंजिन उतरवून सिलिंडर पुन्हा बोअर करतात, पिस्टन नवे घालतात. वायरिंग सगळे नवे. ब्रेकच्या नळ्या नव्या, टायर नवे. मडगार्ड दुसऱ्या मृत गाडीवरून आणतात. फळ्या नव्या ओकच्या. गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा मिळाला. दोन-चार वर्षांनी गाडी उभी राहते, आणि पाहणारा विचारतो: हीच ती काय?

या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी जितका खल केला तितका क्वचितच कोणी केला असेल. मिलिंद राजा रथात बसून नागसेनाकडे आला, तेव्हा त्या भिक्षूने त्याला विचारले की रथ म्हणजे आस काय, चाके काय, की जू? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले की रथ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले नुसते नाव आहे. बौद्धांचे हे मत नैयायिकांना मान्य नव्हते. ते म्हणत, अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर असतो. त्यांचा एक युक्तिवाद मोठा गमतीचा आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू येते, ती नुसती रास असती तर हातात तेवढाच भाग आला असता. विंचच्या दोराला लटकून चिखलातून बाहेर येणारी ही गाडी पाहून एखादा नैयायिक खचित संतोषला असता.

परंतु तो संतोष फार टिकला नसता. कारण त्याच परंपरेचा दुसरा सिद्धांत असा की एक जरी अवयव निघाला वा नवा लागला तरी जुना अवयवी नाश पावतो आणि नवा उत्पन्न होतो. वस्त्रातून एक तंतू काढला की ते वस्त्र गेले. उरले ते दुसरे. मग ‘हीच ती’ अशी जी ओळख आपणांस पटते तिचे काय? ती सादृश्यामुळे होते, दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असूनही आपण ‘हीच ती ज्योत’ म्हणतो तशी. आव्यात भाजलेल्या घड्याविषयी तर वैशेषिक आणि नैयायिक आपसांतच भांडले. पहिल्यांचे म्हणणे, उष्णतेने कच्चा घडा परमाणूंपर्यंत विखुरतो आणि लाल घडा नव्याने जुळतो. दुसऱ्यांचे म्हणणे, घडा तोच राहतो, रंग तेवढा पालटतो. साध्या माणसाला हा काथ्याकूट वाटेल. पण गाडीला नुसता नवा रंग देणे आणि गाडी नट-बोल्टांपर्यंत सुटी करून पुन्हा बांधणे यांत काही भेद आहे काय, हाच तो वाद. नट-बोल्टांपर्यंत सुटी केलेली गाडी ही वैशेषिकाचा घडा आहे.

हे सर्व खरे मानले तर उद्धार कशाचाच होत नाही. होते ती प्रत्येक वेळी नवी निर्मिती. तर्काने हे अढळ आहे, आणि तरीही आपण असे जगत नाही. माझ्या घराचे छप्पर मी कितीदा तरी शाकारले असेल. म्हणून घराचा खरेदीदस्त रद्द होत नाही.

न्यायालयात हा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. कायदा ‘वस्तू तीच आहे काय’ असे कधी मोकळे विचारीत नाही. तो विचारतो की कोणत्या प्रयोजनासाठी तीच आहे काय. चोरीच्या मालाची ओळख पटविणे निराळे, करवसुली निराळी, आणि अमुक वस्तू म्हणून विकलेला माल अमुकच आहे काय हे निराळे. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे या शेवटच्या प्रकारचा एक खटला आला. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या शर्यतीच्या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. ती पुढे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, आणि खरेदीदाराने पाठ फिरविली. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. पुराव्यात दिसून आले की १९२९ च्या मूळ गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. १९३२ मध्ये तिला भीषण अपघात होऊन चालक ठार झाला होता आणि ती पुन्हा बांधली गेली होती. तरीही न्यायाधीशांनी निर्णय विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांनी दोन शब्दांत भेद केला. गाडी ‘मूळ’ आहे असे म्हणता येणार नाही. पण ती ‘अस्सल’ आहे, कारण तिच्या इतिहासात खंड नाही. ती मोडून नाहीशी झाली आणि कोणी तिची प्रतिकृती केली असे केव्हाच घडले नाही. टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली, पण एकाच नावाने अखंड चालत आलेली ती एकच गाडी आहे.

आपल्या सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, ते बरोबर उलट दिशेने. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले खासगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. मात्र ते मूळ स्वरूपात जपलेले पाहिजे आणि चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. लंडनच्या न्यायाधीशाने इतिहासाकडे पाहिले, दिल्लीच्या नियमाने धातूकडे. नियम करणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. आरटीओच्या निरीक्षकाने चॅसिसवर ठोकलेला आकडा वाचावा हे शक्य आहे. गाडीचे चरित्र वाचीत बसावे हे शक्य नाही. पण नैतिक प्रश्नात आपण निरीक्षकाच्या भूमिकेत असण्याचे कारण नाही, आणि मला स्वतःला लंडनचा भेद अधिक खोल वाटतो. त्यात भर घालावयाची तर एवढीच की अखंड इतिहास म्हणजे अखंड राखणदारी. कोणीतरी सतत त्या वस्तूचे उत्तरदायित्व घेतलेले असावे लागते, आणि काय गेले व काय आले हे सांगता यावे लागते.

येथे देवळाकडे वळणे भाग आहे. आपल्या परंपरेत तर ही गोष्ट विधीच्या रूपाने बसविलेली आहे. पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी होते. १९९६ मध्ये झाले, नंतर २०१५ मध्ये. नवे दारू शोधून आणतात, नव्या मूर्ती घडवितात, आणि रात्री, डोळे बांधलेले दैतापती जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. सातत्य कशात आहे हे त्या ब्रह्मपदार्थाने सांगितलेच. पण माझ्या मते त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात आणि दैतापती त्यांचे सुतक पाळतात. जुने लाकूड हेच नवे आहे असे सोंग तेथे कोणी करीत नाही. मृत्यू झाला तो मृत्यू म्हणून मानला जातो, आणि देव मात्र तोच म्हणून पुन्हा पूजेला बसतो. जीर्णोद्धाराच्या आगमोक्त विधीतही हेच तत्त्व आहे. दुरुस्तीपूर्वी मूर्तीतील कला काढून कलशात ठेवावयाची, काम संपले की पुन्हा प्रतिष्ठा करावयाची. मधल्या काळात गाभाऱ्यात जे असते ते पाषाण आहे हे उघड सांगितलेले असते.

गोमंतकीयांस याची साक्ष बाहेर शोधावयास नको. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. भिंती मागे राहिल्या, ग्राम मागे राहिले. नवी देवळे पुढे उठली. कवळ्याचे आजचे देऊळ तर अठराव्या शतकातले. तरीही ‘ती केळशीची देवी ही नव्हे’ असे कोणी कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही. का? कारण नैवेद्य चुकला नाही, कुळांनी आपला मान आणि आपले ओझे सोडले नाही. मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानण्याचा जो सिद्धांत प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मलिक घराण्याच्या दाव्यात स्पष्ट केला, त्याचेही मूळ याच जाणिवेत आहे. १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तमिळनाडूतील पथूरच्या एका पडक्या देवळाचा दावा मानला आणि जमिनीतून निघून लंडनला पोचलेला नटराज परत पाठविला. पूजा बंद पडून काही शतके लोटली होती, देऊळ मोडकळीस आले होते, तरी त्याचा हक्क संपला नव्हता.

इतके मोठे वारसे सांगणारे आपण प्रत्यक्षात करतो काय? सागवानी नक्षीचे खांब काढून सिमेंटचे गोल खांब उभे करतो, जांभ्या दगडावर चकचकीत फरशा चिकटवितो, दीपमाळेला ऑइलपेंट फासतो, आणि दर्शनी भागी संगमरवरावर देणगीदारांची नावे कोरतो. काढलेले खांब कोठे गेले याची नोंद बहुधा कोठेही नसते. ते नंतर एखाद्या मोठ्या शहरातल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे असलेले दिसतात. महाजनांपैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो हे मी पूर्णपणे मानतो. देवाला चांगले द्यावे हीच भावना असते. पण नवे बांधणे हा अधर्म नाही. नवे बांधून त्यास जुने म्हणणे आणि जुने कोठे गेले ते न सांगणे, येथे अधर्म शिरतो. पुरीचे दैतापती सुतक पाळतात. आपण फक्त उद्घाटन करतो.

गाडी नीट करणाऱ्या त्या हौशी माणसांत निदान या बाबतीत प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यात दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करावी, एक ओरखडाही नको. दुसरा म्हणतो, गंजासकट जशी सापडली तशीच ठेवावी. मला दोन्ही टोके पटत नाहीत. कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी ती अद्याप वनखात्याची गाडी झालीच नव्हती. तिला जे कोणी बनविले ते पुढच्या वीस वर्षांच्या डोंगरांनी. विंचच्या दोराने बंपरवर पडलेली चर, हौद्याच्या कडेवर कुदळी आपटून आलेले पोचे, दारावर वर्षानुवर्षे कोपर टेकल्याने उडालेला रंग, हे सगळे पुसून टाकणे म्हणजे साक्षीदाराला न्हाऊमाखू घालून पढवून आणण्यासारखे आहे. आणि गंज जपणे म्हणजे त्याच्या निवृत्तीनंतरच्या उपेक्षेलाच त्याचे चरित्र समजणे. ब्रेक, टायर आणि वायरिंग यांच्या बाबतीत तर भावनेला जागाच असू नये. जुन्या रबराच्या भक्तीपायी रस्त्यावरचे मूल चिरडले गेले तर त्या भक्तीला कोणी पुण्य म्हणणार नाही. गाडी चालण्यास आणि थांबण्यास जे लागते ते नवे असावे, पत्र्याने जे सोसले ते राहू द्यावे, आणि दाराच्या आत एका पुठ्ठ्याच्या वहीत बदललेल्या प्रत्येक भागाची तारीखवार नोंद असावी. ती वही नसेल तर उत्तम रंगही खोटा पडतो.

दारावरच्या ढालीचा प्रश्न याहून अवघड आहे. खात्याने ती पुसून गाडी विकली; म्हणजे आपली सत्ता तिच्यावरून काढून घेतली. आता नव्या मालकाने ती पुन्हा रंगवावी काय? सरकारी चिन्ह फसवणुकीसाठी वापरणे गुन्हा आहे. जत्रेत उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या गाडीने कोणी फसत नाही. (आपल्याकडे कधीच नेमणूक न झालेल्या लोकांच्या मोटारींवरही सरकारी पाट्या झळकतात, तेथे मात्र पुष्कळ लोक फसतात.) म्हणून कायद्याची बाजू सोडून द्यावी. नीतीची बाजू अशी की ते चिन्ह एका कर्तव्याचे होते. ते पुन्हा काढणारा मनुष्य सांगतो की या गाडीने ते कर्तव्य केले. मग ते कर्तव्य काय होते आणि त्याचे फळ काय झाले, हेही त्याने सांगितले पाहिजे.

आणि फळ संमिश्र आहे. पॉन्डरोसा पाइनच्या कोरड्या जंगलांत काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची हलकी आग येऊन जाणे हा निसर्गाचा क्रम होता. जाड सालीची मोठी झाडे त्यातून तगत आणि खालचे काटेकुटे जळून जात. तेथील आदिवासी स्वतःही हिशेबाने आग लावीत. प्रत्येक आग दहाच्या आत विझविल्यामुळे खाली इंधन साठत गेले, झाडे दाट झाली, आणि पुढे जे वणवे आले ते शेंड्यांपर्यंत पेटणारे. सकाळी दहाचे धोरण खात्याने १९७८ मध्ये सोडले. ब्रह्मदेशात तर विसाव्या शतकाच्या आरंभीच काही इंग्रज वनाधिकाऱ्यांच्या ध्यानात आले होते की आगीपासून राखलेल्या जंगलात सागाची रोपे उगवत नाहीत. ब्रँडिसच्या शिष्याच्या देशाला ते कळावयास अर्धे शतक अधिक लागले. आपल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २६ खाली राखीव जंगलात आग लावणे अद्याप गुन्हा आहे, आणि ज्यांची शेती व सरपण त्या जंगलावर अवलंबून होते त्यांना या कलमाची झळ किती लागली हे कज्जेदलालीत आयुष्य घालविणाऱ्यास सांगावे लागत नाही.

म्हणून ती गाडी नीट करू नये असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. रात्री पंप आणि पाणी घेऊन डोंगर चढणारे लोक शूर होते. १९४९ च्या ५ ऑगस्टला मोंटानातील मॅन गल्च येथे एका वणव्याने त्यांच्यातले तेरा जण घेतले. त्यांना जे ठाऊक होते त्याप्रमाणे त्यांनी केले. चुकीच्या धोरणाचे प्रामाणिक सेवक हा इतिहासाचा फार मोठा वर्ग आहे, आणि त्यांची हत्यारे नष्ट केल्याने धोरण दुरुस्त होत नाही. ते फक्त विसरले जाते. ढाल रंगवावी, पण वहीत बदललेल्या पिस्टनच्या नोंदीशेजारी १९३५ आणि १९७८ हे दोन आकडेही असावेत.

त्याच खात्यात एक आल्डो लिओपोल्ड नावाचा अधिकारी होता. सगळीकडे रस्ते काढण्याच्या उत्साहात त्याने असे मांडले की काही जंगले रस्त्यांवाचूनच राहू द्यावीत. त्याच्या आग्रहाने १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील हिला नदीचे खोरे असे राखले गेले. तो स्वतः १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातील गवताची आग विझविताना हृदयविकाराने गेला. पुढे १९६४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदाच केला आणि सुमारे ९१ लाख एकर अरण्य त्याखाली आणले. तेथे मोटार नेता येत नाही, यांत्रिक करवतही चालत नाही. तेव्हा नवी केलेली हिरवी पॉवर वॅगन हिलाच्या हद्दीपर्यंत जाईल, आणि जेथे रस्ता संपतो तेथे थांबेल. तिच्या हौद्यातली कुदळ, पुलास्कीची ती कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढावयाची करवत खाली उतरवून खेचराच्या पाठीवर बांधावी लागते. वनखात्याचे लोक आजही तेथून पुढे तसेच जातात.